तिसऱ्या बाकापर्यंत

चांगलं काम करायला निघालेला माणूस जेवढं नुकसान करू शकतो, तेवढं चोरालाही जमत नाही. चोर निदान घाईत असतो. गणितने मात्र नुकसान सलग तीन दिवस, सावकाश, जीव ओतून केलं, आणि तेही पदरच्या पैशाने आणलेल्या खोडरबराने.

गणित हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वय एकतीस, शिक्षण संख्याशास्त्राचं, आणि लहान गावातल्या शाळेत एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवल्याचा अभिमान अजून शाबूत. मोठ्या इस्पितळाच्या मज्जातंतू विभागात तो वर्षाच्या करारावर लागला होता. काम असं, की एकाच आजाराच्या पेशंटांच्या जुन्या फाइली वाचायच्या आणि अमुक साली अमुक माणसाचा आजार किती होता ते आकड्यात मांडायचं. तेव्हा कुणी आकडा लिहून ठेवलेला नाही, म्हणून तो आता मागे जाऊन शोधायचा. रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "म्हणजे वाळलेल्या कागदाची नाडी बघायची. बघ बाबा." गणित हे नाव त्यांनीच पाडलं आणि दोन दिवसांत धोबीखान्यापर्यंत पोचवलं.

फाइली वाचण्याआधी स्कॅन करायच्या होत्या. यंत्राबरोबर आलेल्या पत्रकात लिहिलं होतं, की कागदावर अनावश्यक खुणा नसाव्यात. नेमके त्याच आठवड्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर. आणि एक्केचाळीस फाइलींच्या मागच्या पुठ्ठ्यावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक बारीक तारखा आणि त्यांच्यापुढे आकडे: पाच, पाच, चार, मध्येच एखादा चौकोन. कुणीतरी दुपारच्या कंटाळ्यात मांडलेला खेळ असावा, असं गणितला वाटलं. त्याने एक्केचाळीस कोपरे लख्ख केले.

सोमवारी काका आले. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात इस्त्रीचा शर्ट, एकंदर रुबाब एखाद्या निवृत्त गुप्तहेराचा. त्यांनी वरची फाइल उचलली, पालथी केली, कोपऱ्यावर बोट फिरवलं. मग फुंकर मारून रबराचा कीस उडवला.

"कुणी पुसलं?"

"मी काका. सगळ्या स्वच्छ केल्या." गणितच्या आवाजात शाबासकीची जागा रिकामी ठेवलेली होती.

"बरं," काका म्हणाले, आणि रजिस्टरं सरळ करायला बसले.

काका चिडले की बोलतात, हे सगळ्या इस्पितळाला माहीत होतं. रजिस्टरं सरळ करायला बसतात ते वाईट वाटलं की. त्या दिवशी अर्ध्या तासात खोलीतलं एकूण एक रजिस्टर ओळंब्यात आलं, तेव्हा गणित उठून त्यांच्यापाशी गेला.

"काय होतं ते, काका?"

"बाकं," काका म्हणाले.

इस्पितळाच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला बाह्यरुग्ण विभाग. पण फाइल तिथे मिळत नसे. ती मिळे सगळ्यात मागे, धोबीखान्याच्या शेजारी, रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर. फाटकापासून खिडकीपर्यंत पत्र्याचं छप्पर असलेली लांब वाट, आणि वाटेवर सहा बाकं. नियम असा, की पेशंटने स्वतः खिडकीवर यायचं, सही करायची, फाइल घ्यायची आणि तेवढीच वाट पुन्हा तुडवत डॉक्टरकडे जायचं. हा नियम करणाऱ्याचे पाय नक्कीच धडधाकट असणार.

चौतीस वर्षांपूर्वी काका नोकरीला लागले तेव्हा नाकासमोर चालणारे होते. एका गुरुवारी, म्हणजे मज्जातंतूच्या पेशंटांच्या वारी, एक माणूस चौथ्या बाकावरून हाका मारत होता आणि काका खिडकीतून ओरडत होते, "इथे यावं लागेल, इथेच सही आहे." तो माणूस भिंत धरून धरून आला. खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकला, आणि खाली बसला तो बसलाच. दोन वॉर्डबॉय धावले. त्याला उचलून नेताना तो काकांकडे वळून म्हणाला, "माफ करा हं, तुमचा खोळंबा झाला."

"शिवी दिली असती तर विसरलो असतो," काका म्हणाले. "माफी मागून गेला. आता ती कुठे ठेवायची?"

तेव्हापासून काका गुरुवारी सकाळी फाइली काखेत मारून बाकांवर जाऊ लागले. कोण कुठपर्यंत येऊन बसतो हे लक्षात राहावं म्हणून फाइलीच्या मागे तारीख आणि बाकाचा आकडा लिहू लागले. खिडकीपर्यंत आला तर चौकोन. पुढच्या खेपेला तो आकडा बघायचा आणि त्या बाकापाशी उभं राहायचं. सगळं पेन्सिलीने, कारण नियमाबाहेरचं काम पेनने करू नये एवढी अक्कल काकांना होती.

गणित ऐकत होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळत होतं. का, ते कळायला आजाराबद्दल थोडं सांगायला हवं. विजेच्या तारेवर असतं तसं मज्जातंतूंवरही आवरण असतं. या आजारात ते जागोजागी झिजतं. कुणाचे डोळे जातात, कुणाचा तोल, बहुतेकांचे हळूहळू पाय. आजार किती, हे मोजायची एक पट्टी आहे, शून्यापासून दहापर्यंत, अर्ध्या अर्ध्या पायरीची. आणि चाराच्या पुढे त्या पट्टीचा सगळा खेळ पायांवर. न थांबता पाचशे मीटर चाललात तर चार. तीनशे, तर साडेचार. दोनशे, पाच. शंभर, साडेपाच. शंभर मीटरला काठी लागली की सहा.

म्हणजे आजार किती हे सांगायला माणूस थांबला कुठे ते हवं, आणि फाइलींत नेमकं तेच नव्हतं. विभागाच्या डॉक्टरबाईंच्या सुंदर तिरक्या अक्षरात पानोपानी एकच शब्द असे: पूर्वीसारखाच. पूर्वीसारखीच. गणितने एक फाइल अशी वाचली होती, की अकरा वर्षं पूर्वीसारखाच, पूर्वीसारखाच राहत माणूस शेवटच्या पानावर चाकांच्या खुर्चीत जाऊन बसला होता. इस्पितळात कुणी मोजलं नव्हतं. मोजलं होतं एका माणसाने, पेन्सिलीने, आणि ते पुसून टाकायला एक संख्याशास्त्रज्ञ नेमावा लागला होता.

"टेलरबाईंची फाइल त्यात होती का रे?" काकांनी विचारलं.

होती.

टेलरबाई म्हणजे गुरुवारच्या पेशंटांतल्या सगळ्यात बोलक्या. वय बेचाळीस. गळ्यात मोजपट्टी असतेच. घरून निघताना काढायची राहते असं त्या म्हणत, पण ती कधी काढत असतील असं वाटत नसे. त्यांचा अर्ज एका समितीकडे जायचा होता. आजार पुढे जाऊ नये म्हणून नवं औषध आलं होतं, महागडं, आणि समिती ते फुकट देत होती. फक्त ज्यांचा आजार दोन वर्षांत निदान एका आकड्याने वाढला आहे पण जे अजून चालतात, त्यांना. वाढला हे तेव्हाच्या नोंदीवरून दाखवायचं. आता आठवून लिहिलेलं चालणार नाही. अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार.

"दोन वर्षांपूर्वी त्या खिडकीपर्यंत यायच्या," काका म्हणाले. "माझ्या कॉलरचा दोरा सुटला होता, तो इथे खिडकीत उभ्या राहून दातांनी तोडला त्यांनी. मला लख्ख आठवतंय."

गणितने कागद ओढला. त्याने आणि काकांनी धोबीखान्यातून आणलेल्या टेपने वाट मोजून काढली, काका एका टोकाला, तो दुसऱ्या. फाटकापासून तिसरं बाक एकशेपंधरा मीटर. पाचवं दोनशेसाठ. खिडकी तीनशेतीस. टेलरबाई सध्या तिसऱ्या बाकावर बसतात, म्हणजे साडेपाच. तेव्हा खिडकी, म्हणजे साडेचार. बरोबर एक आकडा. गणित जरा सरळ बसला.

"पण ते पुठ्ठ्यावर दिसायला हवं," काका म्हणाले. "माझ्या आठवणीवर जाऊ नकोस. माझी आठवण लाडावलेली आहे. ती सगळ्यांना दोन बाकं पुढेच नेऊन बसवते."

भरदुपारी त्यांनी रेकॉर्ड रूमच्या खिडकीला चादर लावली. पेन्सिल पुसली तरी पुठ्ठ्यावर तिचा दाब राहतो, आणि उजेड आडवा पाडला की तो दाब सावलीसारखा उठून येतो, हे गणितला परीक्षेच्या दिवसांतल्या काही अनुभवांमुळे ठाऊक होतं. ते अनुभव त्याने काकांना सविस्तर सांगितले नाहीत. मोबाइलचा दिवा पुठ्ठ्याला जवळजवळ टेकवून तो एकेक कोपरा वाचू लागला. काकांना वाचता येत नव्हतं, डोळ्यातून पाणी येत होतं. ऑपरेशनचं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

"एकोणीस तारीख, चार," गणित वाचायचा.

"रिक्षावाला. त्याच्याकडे थर्मास असायचा, मला अर्धा कप द्यायचा."

"पुढे तीन, तीन, एक. मग काहीच नाही."

"हं," काका म्हणायचे. "पुढची घे."

एक्केचाळीसपैकी सदतीस फाइली बोलल्या. चार गप्प राहिल्या, तिथे गणितने जास्तच जोर लावला होता. टेलरबाईंची त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती. दोन वर्षांपूर्वीची तारीख स्पष्ट दिसली. पुढचा आकडाही. तो चौकोन नव्हता. पाच होता.

गणितने दिवा वरून धरला, खालून धरला. पाच तो पाचच. दोनशेसाठ मीटर, म्हणजे पट्टीवरही पाच. पाचवरून साडेपाच. अर्धा आकडा, आणि समितीला हवा एक.

"काका," तो म्हणाला, "हा दाब तुमच्या-माझ्याशिवाय कुणी बघितलेला नाही. कोपऱ्यात एक चौकोन काढायला किती वेळ लागतो?"

"मला खोटं लिहायचं असतं ना गणित, तर मी पेनने लिहिलं असतं." काकांनी चादर खाली ओढली. उजेडात दोघेही डोळे मिचकावत उभे राहिले. "चौतीस वर्षं कुणी विचारलं नाही तरी खरं लिहिलं. आज पहिल्यांदा कुणी विचारतंय, आणि आजच खोटं लिहू?"

"मग त्यांना औषध मिळणार नाही."

"त्या तिसऱ्या बाकावर बसतात एवढंच तुला माहीत आहे," काका म्हणाले. "तिथपर्यंत कशा येतात, ते?" आणि लगेच, जीभ चावल्यासारखं, "ते त्यांनी सांगायचं. मी नाही सांगणार. झाकली मूठ आहे, राहू दे."

गुरुवार उजाडला. टेलरबाई तिसऱ्या बाकावर येऊन बसल्या. चेहऱ्यावर घाम, पण ओठांवर हसू, केस नीट, पदर नीट, सगळं डॉक्टरांना दाखवायला काढलेलं. काकांनी त्यांच्या हातात फाइल दिली आणि गणितला पुढे केलं.

"हा गणित. तुमचे आकडे याने पुसले."

"बरं केलं," टेलरबाई म्हणाल्या. "कुठे चांगले होते?"

गणितने सगळं सांगितलं. खोडरबर, दिवा, पाच, साडेपाच. सांगताना त्याची मान इतकी खाली गेली होती, की त्याला त्यांच्या चपलाच दिसत होत्या. उजव्या चपलेचा अंगठ्याकडचा भाग घासून गुळगुळीत झाला होता.

"घरी मशीन चालवता का अजून?" त्याने विचारलं. का विचारलं ते त्यालाही कळलं नाही.

"चालवते की. उजव्या पायाला किती दाबलं ते कळत नाही आता. शिवण पळते थेट बाहीपर्यंत. मग सासूबाई खाली बसतात आणि मशीनचं पायडल हाताने दाबतात. मी वरून सांगते, हळू, थांबा, चला, जोरात." त्या हसल्या. "सगळ्या सुनांचं स्वप्न आहे ते. परवा म्हणाल्या, वीस वर्षं तुझ्यावर हुकूम चालवला त्याची ही परतफेड का गं?"

काका हसले. गणितलाही हसू आलं, आणि मग आलं नाही.

"टेलरबाई, इथपर्यंत तुम्ही नुसत्या चालत येता?"

त्यांनी काकांकडे पाहिलं. काका वरच्या पत्र्यातलं एक भोक मन लावून बघत होते.

"फाटकावर वॉचमनची खोली आहे," टेलरबाई शेवटी म्हणाल्या. "तिच्या मागे एक काठी असते. मुठीला फुलांचं कापड गुंडाळलेलं. घरापासून तिथपर्यंत ती माझी असते. तिथून पुढे वॉचमनची. मग मी भिंत धरत, दर बाकावर टेकत येते."

"कशाला पण?"

"कशाला म्हणजे? डॉक्टरबाई बघून म्हणतात, छान चाललंय तुमचं. तेवढं एक वाक्य ऐकायला मी महिनाभर थांबते. काठी घेऊन गेले तर म्हणतील का?"

"त्या पूर्वीसारखीच लिहितात," गणित म्हणाला.

"तेच तर हवं असतं हो मला."

 गणित बाकाच्या टोकावर बसला. जुन्या कागदांवरून आजार मोजणाऱ्याने एक गोष्ट धरून चालायची असते, की कागदावरचा माणूस घरी होता तसाच डॉक्टरसमोर आला होता. ती गोष्ट इथे केस नीट करून, काठी लपवून बसली होती.

"काठी घेऊन गेलात तर सहा होतात," तो हळूच म्हणाला. "पाचाचे सहा. समितीला एक हवाय. सहापर्यंत औषध देतात."

"आणि मग मी कागदावर काठीवाली."

"हो."

"ते परत पुसता येतं?"

"ते पेनने लिहितात," गणित म्हणाला.

टेलरबाईंनी पदराने मान पुसली. मोजपट्टीचं एक टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "काका, तुमची चाल अजून बरी आहे. फाटकावर जाऊन या."

काका गेले आणि काठी घेऊन आले. ते ती आडवी, दोन्ही हातांत धरून आणत होते, जशी कुणाची महत्त्वाची फाइल आणावी.

डॉक्टरबाईंनी त्या दिवशी टेलरबाईंना वाटेवर आणून चालवलं, पहिल्यांदाच. गणित टेप धरून मागे. काठी टेकत, मध्ये न थांबता, चौथ्या बाकाच्या जरा अलीकडे त्या थांबल्या. मग काठीशिवाय. साठ पावलांत पाय असा वेडावाकडा पडला, की डॉक्टरबाईंनीच झेप घेऊन धरलं. धरलेला हात त्यांनी लवकर सोडला नाही. नंतर त्या फाइल उघडून आपल्याच अक्षरातलं पूर्वीसारखीच, पूर्वीसारखीच वाचत बराच वेळ उभ्या होत्या.

"काका, हे बाकांचं तुम्ही मला आधी का सांगितलं नाही?"

"तुम्ही खिडकीवर कधी आला नाहीत बाई," काका म्हणाले. टोमणा नव्हता, पण लागला.

अर्ज शुक्रवारी गेला. त्यासोबत पुठ्ठ्याचा आडव्या उजेडातला फोटो, बाकांची मीटरमधली अंतरं, आणि काकांचं एक पत्र: मी गेली चौतीस वर्षं फाइली खिडकीबाहेर देत आलो आहे. सही पेनने. पेन्शनला अकरा महिने राहिलेल्या माणसाने असं पत्र लिहिणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, आणि आठ दिवसांत अधीक्षकांचा मेमो आलाच: नियमभंगाचा खुलासा करावा. काकांनी खुलासा केला, की यापुढे नियमाप्रमाणे वागेन. त्यानंतर ते फाइली काखेत न धरता सदऱ्याच्या आत धरून बाकांवर जाऊ लागले. गुरुवारी काकांचं पोट सुटल्यासारखं दिसे. अधीक्षकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

समितीने एक शंका विचारली, बाकं गेल्या दोन वर्षांत हलवली आहेत काय. गणितने चार पानी उत्तर लिहिलं. काकांनी ते खोडून एक ओळ लिहिली: बाकं सिमेंटची आहेत.

दीड महिन्याने मंजुरी आली. ज्या गुरुवारी पहिली मात्रा होती, त्या दिवशी टेलरबाई काठी घेऊन तिसऱ्या बाकापर्यंत आल्या. या औषधाने गेलेली बाकं परत येत नाहीत, उरलेली जाऊ नयेत एवढंच, हे त्यांना डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं. आणि छान चाललंय हे वाक्य त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. डॉक्टरबाई फक्त म्हणाल्या, "काठीचं कापड सुंदर आहे." टेलरबाई ते वाक्य घेऊन निघाल्या. पुढचा महिना त्याच्यावर निघेल असं दिसत होतं.

जाताना त्यांनी गणितला थांबवलं. "उभे राहा. हात वर."

"कशाला?"

"तुम्ही माझं माप घेतलंत. आता माझी पाळी." काठी बाकाला टेकवून, डावा हात काकांच्या खांद्यावर ठेवून त्यांनी एका हाताने पट्टी फिरवली. छाती, खांदा, बाही. आकडे त्या कुठेही लिहीत नव्हत्या. "सव्वादोन मीटर कापड आणा. शर्ट देते शिवून. सासूबाईंना काम हवंय."

"शिलाई किती?"

"कापड आणा आधी. शिलाईचं सासूबाई बघतील."

गणित हो म्हणाला. तो दोनदा कापडाच्या दुकानापर्यंत गेलाही. एकदा पांढरं उचललं, आणि पांढऱ्यावर वाकडी शिवण फार दिसेल असं वाटून खाली ठेवलं. एकदा चौकड्याचं उचललं, आणि चौकडा जुळवताना बाईंना त्रास होईल असं वाटून तेही ठेवलं. दुकानदाराने विचारलं, "शिवणार कोण आहे, की तुम्हीच?" त्याचं उत्तर देण्यात वेळ गेला.

पुढच्या खेपेला टेलरबाईंनी काकांकडे निरोप ठेवला: गणितला विचारा, सव्वादोन मीटर म्हणजे किती ते त्यांना कळतं ना.

कापड अजून आणलेलं नाही.